यंत्राचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळें, विहिरी, घाट आणि धर्मशाळा यांच्यापुरताच राखून ठेविला आहे. घरांतील घड्याळ किंवा शिवणयंत्र बिघडलें तर आपण त्याची दुरुस्ती करतों. जीर्णोद्धार करीत नाहीं. या शब्दभेदाच्या मुळाशीं एक कल्पना आहे. दुरुस्तीचा हेतु वस्तु पुन्हां कामाला लावणें एवढाच असतो. जीर्णोद्धारांत मात्र ती वस्तु तीच राहिली पाहिजे, अशी अट गृहीत असते. आतां ‘तीच’ म्हणजे काय, असें कोणी विचारलें कीं, गवंड्याच्या आणि मिस्त्रीच्या हातांतील काम एकदम तत्त्ववेत्त्याच्या दारांत येऊन उभें राहतें. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा विचार आम्ही एका अलीकडच्या आणि पुष्कळांस पोरकट वाटेल अशा उदाहरणावरून करणार आहों. तीस-चाळीस वर्षांपूर्वींच्या वैयक्तिक संगणकांत अधिक ताकदीचीं ग्राफिक्स कार्डें बसविण्याचा छंद, हें तें उदाहरण होय.

ज्यांनीं संगणकाची पेटी कधीं उघडून पाहिली नसेल, त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. आय. बी. एम. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक इ. स. १९८१ च्या ऑगस्टमध्यें बाजारांत आणला, तेव्हां पडद्यावर अक्षरें उमटविण्याची सोय त्याच्या मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य पाटीवर, केलेलीच नव्हती. पाटीवर पांच रिकाम्या खाचा होत्या. त्यांतील एका खाचेंत पडद्याचें कार्ड ग्राहकानें आपल्या गरजेप्रमाणें बसवावयाचें. निवड दोहोंतून होती. एक कार्ड एका रंगांत सुबक अक्षरें दाखवी, पण चित्र मुळींच काढूं शकत नसे. दुसरें चार रंगांत चित्रें काढी, पण त्याचीं अक्षरें पाहून डोळे शिणत.

या दोहोंतील उणीव भरून काढणारें तिसरें कार्ड १९८२ सालीं निघालें. त्याची जन्मकथा आम्हां भारतीयांस विशेष जवळची वाटावी अशी आहे. व्हॅन सुवन्नुकुल नांवाच्या थायलंडच्या अभियंत्याला आपला प्रबंध थाई लिपींत लिहावयाचा होता, असें सांगतात. परंतु अक्षरें दाखविणाऱ्या कार्डावर २५६ आकृति कारखान्यांतच कायमच्या कोरलेल्या. त्यांत रोमन अक्षरें, अंक, चौकटी आंखण्याच्या रेघा आणि थोडीं ग्रीक चिन्हें. पडद्याचे ८० रकाने आणि २५ ओळी. एका रकान्यांत एक आकृति. ज्या लिपींत स्वरचिन्हें अक्षराच्या वर, खालीं आणि मागेंपुढें बसतात, तिला त्या कोष्टकांत जागाच नव्हती. तेव्हां आडवे ७२० व उभे ३४८ ठिपके, आणि त्यांतला प्रत्येक स्वतंत्रपणें पेटवितां-विझवितां येईल, असें ‘हर्क्युलीस’ कार्ड त्यानें तयार केलें. पुढें जगांतील व्यापाऱ्यांनीं त्याच्यावर नफ्यातोट्याचे आलेख काढले, ही गोष्ट निराळी. १९८४ सालीं सोळा रंगांचें, १९८७ सालीं व्ही. जी. ए. या नांवाचें, १९९६ सालीं त्रिमिति चित्रें झपाट्यानें रंगविणारें ‘व्हूडू’, अशीं कार्डांमागून कार्डें आलीं, आणि प्रत्येकानें आपल्या आधींच्याला अडगळींत लोटलें.

त्या पेट्या भंगारांत निघाल्या, आणि त्या भंगारांतून उचलून पुन्हां चालू करणाऱ्यांचा एक वर्ग जगांत ठिकठिकाणीं निर्माण झाला. आपल्याकडेहि असे तरुण आढळतात. गळलेल्या बॅटरीचा क्षार पुसणें, फुगलेले कपॅसिटर बदलणें, गंजलेल्या खाचा साफ करणें, हीं कामें ते ज्या निष्ठेनें करतात, ती पाहिली म्हणजे आमच्या पिढीच्या पोथ्या जतन करणाऱ्यांची आठवण होते. एवढें झालें आणि पेटी चालूं लागली कीं मोह उत्पन्न होतो. हिच्यांत त्या वेळचें सामान्य कार्ड आहे. त्याऐवजीं चार-पांच वर्षांनंतरचें चांगलें बसविलें तर? या मोहाला यंत्रशास्त्राच्या मर्यादा आहेत. ६४० गुणिलें ४८० ठिपक्यांचें, २५६ रंगांचें एक चित्र म्हणजे ३,०७,२०० बाइट होतात. जुन्या सोळा-बिटी आय. एस. ए. खाचेंतून प्रत्यक्षांत सेकंदाला फार तर कांहीं दशलक्ष बाइट जातात. कार्ड कितीहि चपळ असो, चित्र सेकंदाला दहा-वीस वेळांपेक्षां फारसें बदलणार नाहीं. अरुंद बोळांतून वरात नेण्यासारखाच तो प्रकार. शिवाय खाचा एकमेकींशीं जुळत नाहींत. १९९७ च्या सुमारास आलेल्या ए. जी. पी. खाचेला आरंभीं ३.३ व्होल्टचीं कार्डें लागत, पुढें १.५ व्होल्टचीं आलीं; खाचेची कड कापून भलतें कार्ड दामटलें तर पाटीच जळून जाऊं शकते.

या छंदिष्टांत दोन पंथ आहेत. एक सोंवळा पंथ. कारखान्यांतून पेटी जशी निघाली तशीच ती राहिली पाहिजे, त्यांत पुढील सालाचा एक स्क्रूहि नको, असें त्याचें म्हणणें. दुसरा सुधारक पंथ. यंत्र हें चालविण्यासाठीं आहे, पूजेसाठीं नाहीं, असें तो म्हणतो. आमच्या मतें सोंवळ्या पंथाची चूक उघड आहे. ज्या वस्तूच्या घडणींतच कर्त्यानें पांच रिकाम्या जागा ठेविल्या, ती कारखान्यांतून पूर्ण होऊन निघाली होती, हें म्हणणेंच मुळीं खोटें. पुढें कोणी तरी येऊन भर घालील, या अपेक्षेनेंच ती बनविलेली आहे. सुधारकाची चूक मात्र इतकी सहज दिसत नाहीं. भर घातल्यानें कांहींच जात नाहीं, असें तो धरून चालतो.

वस्तूचे भाग बदलत गेले तरी ती तीच राहते काय, हा वाद पुरातन आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु राजाला त्याच्याच रथाविषयीं विचारतो कीं, दांडी म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय. राजा प्रत्येकास नकार देत जातो, आणि ‘रथ’ हा केवळ व्यवहाराचा शब्द ठरतो. प्लुटार्कनें सांगितलेल्या थीसिअसच्या गलबताच्या कुजक्या फळ्या अथेन्सचे लोक एकेक करून बदलीत गेले, आणि तें गलबत तेंच कीं निराळें, यावर तेथील पंडितांत दोन तट पडले. सतराव्या शतकांत हॉब्ज यानें या गोष्टीला एक खोडकर पुस्ती जोडली: काढलेल्या फळ्या कोणी जपून ठेविल्या आणि त्याच क्रमानें पुन्हां जोडल्या, तर खरें गलबत कोणतें?

हे तिन्ही दाखले आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविले आहेत. त्यांनीं बुद्धीला धार येते, यांत शंका नाहीं. परंतु तिन्हींत एक गोष्ट मुकाट्यानें गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, नवा भाग जुन्या भागाचें सगळें काम करतो. चाक बदललें तरी रथ राजाला नेतो; फळी बदलली तरी गलबत तरंगतें. म्हणून तेथें प्रश्न केवळ नांवाचा उरतो. जेथें नवा भाग जुन्याहून दहा कामें अधिक करतो आणि एक काम मुळींच करीत नाहीं, तेथें हे दाखले आपणांस अर्ध्या वाटेवर सोडून देतात. जीर्ण वस्त्रांची गीतेंतील उपमाहि येथें लागू पडत नाहीं. तेथें वस्त्रें टाकणारा देही वेगळा आहे. यंत्राच्या पोटांत असा कोणी देही नसतो. तेथें सगळीं वस्त्रेंच.

हें ‘एक काम’ म्हणजे काय, तें आमच्याच जिल्ह्यांतील एका प्रकारानें स्पष्ट होईल. हिंगोलींतील एका बंद पडलेल्या पतसंस्थेचें सामान मोडींत निघालें, त्यांत ३८६ प्रोसेसरचा एक संगणक होता. तो आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें विकत घेतला. पेटी साफ केल्यावर ती चालूं लागली. तिच्यांत दोन कार्डें होतीं. एक साधें, एका रंगाचें. दुसरें लांबट, आणि तें काय आहे हें त्याला प्रथम कळेना. तें ‘जिस्ट’ कार्ड होतें.

आजच्या वाचकांस या कार्डाचें नांव आठवत नसेल. संगणकाला भारतीय लिपि शिकविण्याचें संशोधन कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें सुरू झालें, आणि १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेंत मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखालीं तें वाढीस लागलें. त्या वेळच्या संगणकांना, वर सांगितल्याप्रमाणें, कोरलेल्या आकृतींपलीकडे कांहीं दाखवितां येत नसे. जिस्ट कार्ड खाचेंत बसविलें कीं, इंग्रजीसाठीं लिहिलेल्या आज्ञावल्यांतहि देवनागरी टंकतां येई. कार्डच काने, मात्रा, रफार आणि जोडाक्षरें जागच्या जागीं रचून पडद्यावर पाठवी. डिस्कवर प्रत्येक वर्णाला एक अंक, एवढेंच साठविलें जाई. या अंकांच्या कोष्टकाला ‘इस्की’ म्हणतात, आणि १९९१ सालीं तें भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झालें. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींना एकच कोष्टक लागू केल्यामुळें तोच मजकूर कळ दाबतांच तेलुगूंत किंवा गुजरातींतहि दिसे. ही कल्पना आम्हांस अजूनहि मोठी सुंदर वाटते.

हिंगोलीसारख्या ठिकाणीं या कार्डाचें मोल किती होतें, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. मराठी बोलणाऱ्याला सरकारी कागदावर काय लिहिलें आहे, तें दुसऱ्याकडून वाचवून घ्यावें लागे. स्वातंत्र्यानंतर मराठी कचेरींत आली. आणि मग संगणक आला, तो रोमन अक्षरें घेऊन. हळद विकून आलेले पैसे पतसंस्थेंत ठेवणाऱ्या शेतकऱ्याचें नांव पुन्हां त्याला न वाचतां येणाऱ्या लिपींत जाण्याची वेळ आली होती. ती या लांबट कार्डानें त्या एका टेबलापुरती टाळली.

आमच्या विद्यार्थ्याला त्या पेटीवर जुने रंगीत खेळ चालवावयाचे होते. त्यासाठीं त्यानें त्सेंग लॅब्ज कंपनीचें ई. टी. ४००० जातीचें व्ही. जी. ए. कार्ड मिळविलें होतें. हें कार्ड आय. एस. ए. खाचेंत बसणाऱ्यांत नांवाजलेलें आहे. परंतु तें आणि जिस्ट त्या पेटींत एकत्र नांदेनात. एकाला बाहेर काढणें भाग होतें. आम्हीं विचारलें, “मग संस्थेच्या नोंदींचें काय?” तो म्हणाला, “सर, नांवें तर डिस्कमध्यें आहेतच. कार्ड काढलें म्हणून तीं थोडींच पुसलीं जाणार आहेत?”

या उत्तरांत वरवर पाहतां दोष काढण्यास जागा नाहीं. अंक डिस्कवर जसेच्या तसे राहणार. पण कार्ड काढून त्यानें तीच फाईल उघडली, तेव्हां खातेदारांच्या नांवांच्या जागीं आडव्याउभ्या रेघा, अर्धवट चौकटी आणि ग्रीक अक्षरें यांचा कचरा दिसला. आंत साठविलेलें आणि बाहेर वाचतां येणारें यांत केवढें अंतर आहे, हें एरव्हीं आपल्या लक्षांत येत नाहीं. ज्याला आपण ‘नोंद’ म्हणतों, ती डिस्क आणि कार्ड यांच्या मधल्या संबंधांत राहते; दोहोंपैकीं कोणा एकाच्या पोटांत ती नसते. म्हणून कार्ड बदलल्यावर ‘यंत्र तेंच कीं निराळें’ हा प्रश्न आम्हांस दुय्यम वाटतो. या बदलानें कोणाचें वाचतां येणारें बोलणें बंद पडलें, हा प्रश्न पहिला. रथाला आणि गलबताला तो विचारतां येत नव्हता.

विद्यार्थी हुशार आहे. दुसऱ्या दिवशीं तो म्हणाला, “नोंदी युनिकोडमध्यें उतरवून घेतल्या तर?” युनिकोडमधील देवनागरीचा क्रम १९८८ च्या इस्कीवरूनच बेतलेला असल्यामुळें हें काम अवघड नाहीं, थोडे अपवाद सोडले तर एका अंकाच्या जागीं दुसरा ठेवावयाचा. हा आक्षेप आमच्या मतास बाधक नसून साधकच आहे. आमचें ऋण पत्र्याच्या तुकड्याशीं नव्हे, त्यानें जें वाचतां येण्याजोगें ठेवलें त्याच्याशीं आहे. नांवें दुसऱ्या सुरक्षित ठिकाणीं वाचतां येऊं लागलीं कीं त्या ऋणाचा मोठा भाग फिटला. मग पेटींत रंग येऊं द्या, खेळ चालूं द्या. तरुणानें खेळूं नये असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं.

तथापि थोडें शिल्लक राहतें. नांवें उतरवितां आलीं, पण तीं नोंदणाऱ्या लिपिकाचें काम कसें चालत असे, पडद्यावर नांव केवढें दिसे, जोडाक्षर उमटतांना क्षणभर थांबावें लागे काय, हें उतरवितां येत नाहीं. तें पाहावयाचें तर तेंच कार्ड त्याच खाचेंत हवें. ही साक्ष आहे. साक्षीचें ऋण नोंदीच्या ऋणाहून हलकें, पण शून्य नव्हे. ते फेडण्यासाठीं यंत्र गोठवून ठेवण्याची गरज नाहीं. काढलेली वस्तु परत बसवितां येईल अशी जपली म्हणजे पुरे. सोंवळ्या पंथाला यंत्र न बदलण्याचा आग्रह आहे. आमचा आग्रह, परतीची वाट न मोडण्याचा. या कसोटीनें कार्ड बदलणें निर्दोष ठरतें, आणि कार्ड मावावें म्हणून कानशीनें खाच कापणें दोषी ठरतें, मग त्यानें खेळ कितीहि सुरेख चालो.

याच जिल्ह्यांत औंढा नागनाथाचें देऊळ आहे. खालचा भाग काळ्या दगडाचा, यादवकालीन शिल्पांनीं भरलेला; वरचा भाग पुष्कळ नंतरचा, निराळ्या बांधणीचा आणि पांढरा. त्याच्या जीर्णोद्धाराचें श्रेय अहल्याबाई होळकर यांना देतात. जुनें कोठें संपलें आणि नवें कोठें लागलें, तें आंधळ्याशिवाय सर्वांस दिसतें. शिल्पाच्या रसिकांस हा सांधा खुपतो. आम्हांस त्यांतच त्या कामाचा प्रामाणिकपणा दिसतो. खालच्या दगडाला नव्या कळसानें मुका केलेला नाहीं, आणि आपण यादवांच्या काळचे आहों असें कळसहि म्हणत नाहीं.

त्याच तालुक्यांत ‘लायगो’ या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्राच्या उभारणीस केंद्र सरकारनें २०२३ च्या एप्रिलमध्यें मंजुरी दिली. अमेरिकेंतील याच जातीच्या दोन यंत्रांनीं २००२ ते २०१० या काळांत निरीक्षणें केलीं; एकहि लहर सांपडली नाहीं. मग इमारती आणि चार-चार किलोमीटर लांबीच्या निर्वात नळ्या त्याच ठेवून आंतील लेसर, आरसे आणि त्यांचीं टांगणीं बदललीं, आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजीं पहिली लहर नोंदली गेली. जुन्या पेटींत नवें कार्ड याहून मोठ्या प्रमाणावर कोणी बसविलें असेल, असें वाटत नाहीं. येथें सोंवळ्या पंथाचें ऐकलें असतें तर ती लहर कोणाला न कळतां निघून गेली असती. गमतीची गोष्ट ही कीं, तेथें बसविण्यासाठीं योजलेल्या आणखी एका संचाचे भाग न बसवितां भारतासाठीं जपून ठेवण्यांत आले. हॉब्जच्या फळ्या गोळा करणारा माणूस शेवटीं औंढ्यास येऊन पोंचला म्हणावयाचा!

एक निराळा दोष मात्र या छंदांत बोकाळला आहे, आणि त्याला आम्ही क्षमा करणार नाहीं. जुन्या पेट्यांना भाव येऊं लागल्यापासून कार्ड बदललेली पेटी ‘अस्सल’ म्हणून विकणारे निघाले आहेत. नवें कार्ड जुनें दिसावें म्हणून त्यावरची चिठ्ठी खरवडतात, दुसऱ्या कार्डावरची आणून चिकटवितात. बदल करणें हा दोष नव्हे. सांधा लपविणें हा दोष. घेणाऱ्याची फसवणूक होते, ही त्यांतली लहान बाब. पुढें कधीं कोणी त्या पेटीवरून त्या काळाविषयीं कांहीं ठरवूं पाहील, त्यालाहि हा मनुष्य आजच खोटें सांगून ठेवतो, ही मोठी.

आमच्या विद्यार्थ्यानें जिस्ट कार्ड वीज न साठविणाऱ्या पिशवींत घालून, कोणत्या पेटींतून व केव्हां काढलें याची चिठ्ठी आंत ठेवून, कपाटांत ठेवलें आहे. मध्यंतरीं दुसऱ्या गांवच्या एका संग्राहकानें तें मागितलें. त्याच्याकडे त्याच बनावटीची पेटी आहे, कार्ड नाहीं. बरोबर जुनी डिस्कहि द्या, म्हणजे मराठी चालतांना दाखवितां येईल, असें त्याचें म्हणणें. कार्ड द्यावें, असें आम्हीं सांगितलें. जेथें तें बोलूं शकेल तेथें तें जाणें कपाटांत राहण्याहून बरें. डिस्क देऊं नये. तिच्यावरील नांवें आणि शिलका खातेदारांच्या आहेत; त्या वाचतां येण्याजोग्या ठेवण्याचें कर्तव्य निराळें, आणि त्या वाटेल त्यास वाचावयास देण्याचा अधिकार निराळा. उतरविलेल्या नोंदींची छापील प्रत संस्थेच्या अवसायकाकडे पोंचविली आहे. कार्डाविषयीं विद्यार्थ्याचा अजून निश्चय होत नाहीं.